तयार वार्षिक नियोजन संच (इयत्ता पाचवी, गणित): तक्ता उत्तम, कॅलेंडर परक्या मुलखाचं

जून उजाडला की छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, लातूर-नांदेडच्या शालेय स्टेशनरीच्या दुकानांत तयार नियोजनाचे संच काउंटरवर येतात. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, दैनिक टाचण, प्रश्नपेढी आणि सोबत पेन ड्राइव्हवर वर्डच्या फाइली. किंमत ३५० रुपयांच्या आत. त्यातला बराच खपणारा एक संच पाचवीच्या गणितापुरता पानोपान तपासला, त्याचं हे परीक्षण. प्रकाशकाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. हीच दुखणी थोड्याफार फरकाने बहुतेक संचांत सापडतील.

आधी चांगलं सांगतो. संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेत कशाला किती गुण याचा आराखडा, नीट बांधलेला आहे. ५० गुणांची प्रश्नपत्रिका, त्यात ज्ञान १०, आकलन १५, उपयोजन २०, कौशल्य ५, आणि घटकनिहाय भारांशाची (कोणत्या घटकाला किती गुण) आडवी-उभी बेरीज जुळते. ही साधी गोष्ट वाटते, पण अनेक संचांत तीच चुकते. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आल्यावर या तक्त्याचं महत्त्व वाढलंय, कारण पोर पुढच्या वर्गात जाणार की नाही ते आता या पेपरवर ठरतं. तक्त्यामागे दिलेल्या तीन नमुना प्रश्नपत्रिकांपैकी दोन मात्र त्याच तक्त्याला जुमानत नाहीत. उपयोजनाचे म्हणून छापलेले २० गुण मोजले, तर त्यातले १२ पाठ्यपुस्तकातल्याच शाब्दिक उदाहरणांचे निघतात, आकडेसुद्धा तेच. पोरानं ते उदाहरण आधीच वहीत उतरवलेलं असतं. त्याला उपयोजन कसं म्हणायचं? ती पाठांतराची परीक्षा झाली.

मूळ घोळ वार्षिक नियोजनात आहे. प्रत्येक पानावर पहिला रकाना पाठाचा, दुसरा तासिकांचा, तिसरा अध्ययन निष्पत्तीचा (शिकून पोराला काय यायला हवं ते) आणि शेवटी कोपऱ्यात मूल्यमापन. म्हणजे पाठ आधी ठरला, निष्पत्तीचा क्रमांक नंतर चिकटवला. हे ओळखायची सोपी खूण आहे. पाचवीच्या गणिताच्या निष्पत्तींची यादी शेजारी ठेवायची आणि संचात जी आली तिच्यावर टिक करत जायचं. तासाभराचं काम. संख्याज्ञान आणि चार क्रियांवरच्या निष्पत्ती पाच-सहा पाठांना पुन्हापुन्हा लावलेल्या सापडतात, आणि माहिती गोळा करून तक्ता-स्तंभालेख मांडणं, भांड्यात किती मावेल याचा अंदाज ओळखीच्या एककात सांगणं, या दोन निष्पत्ती अख्ख्या वर्षात कुठेच नाहीत. दुसऱ्या निष्पत्तीसाठी तर घागरीत किती तांबे हे मोजलं तरी भागतं. उन्हाळ्यात टँकरपुढे रांग लावणाऱ्या गावातल्या पोरांना त्याहून जवळचं माप कुठलं! संचात मात्र शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात सगळीकडे एकच ओळ: खडू, फळा, पाठ्यपुस्तक.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ सालीच अभ्यासक्रम बांधणाऱ्यांपुढे चार प्रश्न ठेवले होते: साधायचं काय, त्यासाठी अनुभव कोणते, ते कोणत्या क्रमाने, आणि साधलं की नाही हे कळणार कसं. प्रत्यक्ष नियोजन करताना पहिल्या प्रश्नावरून थेट चौथ्यावर जावं आणि मग मधले दोन भरावेत. आधी निष्पत्ती, लगेच तिचा पुरावा, आणि पाठ-उपक्रम त्यानंतर. संचातलं अपूर्णांकाचं पान घ्या, म्हणजे याची गरज का ते दिसेल.

तिथे उद्दिष्ट छापलंय, ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकाची माहिती होईल.’ माहिती झाली हे तपासायचं कशावरून? त्याऐवजी लिहावं, ‘छेद वेगळे असलेल्या दोन अपूर्णांकांतला मोठा ओळखतो आणि चित्र काढून किंवा सममूल्य अपूर्णांक करून कारण सांगतो.’ लगेच पुरावा काय मागायचा ते कळतं. आता प्रश्नपेढी बघा. २/३ आणि ३/४, ३/७ आणि ५/७, १/२ आणि ३/५. तिन्ही जोड्यांत ज्याचे आकडे मोठे तोच अपूर्णांक मोठा. ज्या पोराला अपूर्णांक कळलेलाच नाही, जे नुसते वरचे-खालचे आकडे बघतं, त्याला इथे पैकीच्या पैकी गुण. २/३ आणि ३/८ किंवा १/२ आणि ३/७ दिलं की लगेच पितळ उघडं पडतं. घटक चाचणीत अशा किमान दोन जोड्या घालाव्यात आणि एक गुण कारणाला राखून ठेवावा. सुरुवात भाकरीपासून केली तर अर्धी काय नि चतकोर काय हे पाचवीच्या पोराला सांगावं लागत नाही. पाव, अर्धा, पाऊण किलो किराणा दुकानातून ते रोजच आणतं.

तासिकांचा हिशोब आणखी कच्चा आहे. संचाने रोज एक धरून गणिताला २२८ तासिका दिल्यात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला किमान २०० दिवस आणि ८०० तास लागतात, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. २०० दिवसच धरून चला. दोन सत्रांच्या परीक्षांचे १६, क्रीडास्पर्धा-स्नेहसंमेलनाचे ८, प्रशिक्षण आणि इतर कामांना शिक्षक बाहेर असण्याचे ६. उरले १७०. त्यातला दहावा भाग, म्हणजे १७ तासिका, फेरअध्यापनासाठी कोऱ्या ठेवा. हाती राहतात १५३. संचाप्रमाणे चाललं तर फेब्रुवारीअखेर पाचेक पाठ शिल्लक राहतात आणि मग ते आठवडाभरात उरकले जातात.

मराठवाड्याच्या शाळेला हा संच सर्वांत जास्त गोत्यात आणतो तो पाठांच्या क्रमामुळे. त्यात अपूर्णांक नोव्हेंबर ते जानेवारीत टाकलाय. नेमकं त्याच काळात बीड आणि आसपासच्या तालुक्यांतली ऊसतोड कुटुंबं कारखान्यांकडे गेलेली असतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. हंगामी वसतिगृहात न राहिलेली पोरं आईबापांबरोबर जातात आणि अपूर्णांकच हुकतो. पुढे दशांश अन् शेकडेवारी यावरच उभी, म्हणून हे नुकसान सातवीपर्यंत पुरतं. अपूर्णांक जुलै-ऑगस्टमध्ये आणा. कोन, वर्तुळ, चित्रालेख हे बरेचसे स्वतंत्र घटक दुसऱ्या सत्रात ढकला. जाणाऱ्या पोराला तिकडच्या शाळेत दाखवायला मिळणाऱ्या शिक्षण हमी कार्डासोबत कोणत्या निष्पत्ती झाल्या, कोणत्या राहिल्या याची अर्ध्या पानाची यादी द्या. तिकडच्या शाळेतल्या गुरुजींना ‘गणित: समाधानकारक’ या शेऱ्यातून काहीच कळत नाही.

सुट्ट्यांचं पानही असंच परकं. १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन त्यात आहे, तेवढं बरं. पण लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, गावच्या गाव रानात असतं, त्याचा पत्ता नाही. त्या दिवशी घटक चाचणी छापलीय! कोण येणार?

आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी तयार दिल्यात. त्यांचा वापर टाळलेलाच बरा. चाळीस पोरांच्या नावापुढे ‘उदाहरणे अचूक सोडवतो’ हे एकच वाक्य दिसलं की शाळा तपासायला येणाऱ्या केंद्रप्रमुखांच्याही लक्षात येतं. भारांश मात्र बरोबर आहे: पाचवीला आकारिक ५०, संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) ५०.

पेन ड्राइव्हवरच्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये आहेत. शाळेच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तर अक्षरांऐवजी चिन्हांचा गोंधळ दिसतो, आणि बदल करता येत नसतील तर फाइलींचा उपयोगच संपतो. घेण्याआधी दुकानदाराला एक फाइल उघडून दाखवायला सांगा, कुठल्याही संगणकावर वाचता येणारी यूनिकोड प्रत मागा. पहिलीचा संच घेणाऱ्यांनी आणखी एक तपासावं: २०२५-२६ पासून पहिलीचं पाठ्यपुस्तक नवं आहे, आणि जुन्या पुस्तकावरचे संच अजून दुकानांत पडून असतात.

गुण द्यायचे तर संविधान तक्त्याला ५ पैकी ४, प्रश्नपेढीला अडीच, वार्षिक नियोजनाला १. वेगळी मिळत असेल तर फक्त प्रश्नपेढीची वही घ्या. दुकानदार आधी नाही म्हणतात, शाळेच्या पाच-सहा प्रती एकदम घेतल्या की देतात. वार्षिक नियोजनासाठी कोरी आडव्या रेघांची वही पुरते: पहिला रकाना निष्पत्तीचा, दुसरा पुराव्याचा, पाठाचं नाव तिसऱ्यात.