१२ इंची इलेक्ट्रिक भट्टी: गोव्यात घरबसल्या टाइल रंगवणाऱ्यांसाठी परीक्षण

नावाच्या पाट्या, घरनंबर, दारावरचं ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’, तुळशीवृंदावनाच्या चार बाजू अशी कामं एकट्याने करणाऱ्या कारागिराला जागेत मावेल आणि घरच्या विजेवर चालेल अशी भट्टी बाजारात जवळपास एकाच मापाची मिळते. आतून १२ बाय १२ बाय १२ इंच, ३.३ किलोवॅट, सिंगल फेज, कागदावर १२०० अंशांपर्यंत. देशातले अनेक छोटे कारखानदार ती थोड्याफार फरकाने बनवतात, म्हणून हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही, या मापाच्या भट्टीचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: तयार पांढऱ्या टाइलवर ऑनग्लेझ रंगांनी, म्हणजे टाइलच्या काचेसारख्या चकाकत्या थरावर (ग्लेझवर) लावून पुन्हा भाजायच्या रंगांनी, काम करणार असाल तर ती उत्तम आहे. कच्च्या ग्लेझवर रंगवायची जुनी आझुलेजो (पोर्तुगीज टाइलचित्रांची) पद्धत करायची असेल तर ती तापेल, पण पोट भरणार नाही. आणि गोव्यात ती घेताना व्होल्टेज आणि दमट हवा या दोन गोष्टींचा बंदोबस्त भट्टी यायच्या आधी करावा लागतो.

भट्टीची गरजच काय, हा प्रश्न आधी सुटलेला बरा. टाइलवर लावायचे थंड रंग आणि ओव्हनमध्ये १६० अंशांवर पक्के होणारे रंग घरातल्या भिंतीवर टिकतात. अंगणातल्या वृंदावनावर रोज पाणी पडतं, वर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथे ते रंग कडेपासून सुटू लागतात, कारण ते ग्लेझवर नुसते चिकटलेले असतात. ८०० अंशांच्या आसपास भाजलेला ऑनग्लेझ रंग ग्लेझमध्ये वितळून बसतो. तो ऊन-पावसाने फिका पडत नाही की घासून निघत नाही. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेतली १९३५ सालची निळी टाइलचित्रं किंवा फोंताइनासमधल्या दारांवरच्या पाट्या बघून गिऱ्हाईक ‘अगदी तसंच’ मागतं, तेव्हा त्याला ते टिकणंही हवं असतं.

‘१६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते’ ही जाहिरात अर्धी खरी आहे. २३० व्होल्टला ३.३ किलोवॅट म्हणजे १४.३ अँपिअर, हिशेबात बसतं. पण गीझर दहा-पंधरा मिनिटं चालतो, भट्टी सहा तास. जुन्या घरातला सॉकेट, त्याची सैल झालेली पकड आणि भिंतीतली जुनी वायर एवढा वेळ तो भार सोसत नाहीत. आधी पिन काळी पडते, मग प्लग वितळतो. डीबीपासून (घरातल्या वीज-वाटप पेटीपासून) भट्टीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र लाइन, भार वाढला की पडणारा २० अँपिअरचा एमसीबी, विजेची गळती झाली की पडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि घरगुती सॉकेटऐवजी निळा इंडस्ट्रियल सॉकेट, एवढं भट्टीच्या खर्चातच धरा. अर्थिंग तपासून घ्या. चिऱ्याच्या कोरड्या जमिनीत पुरलेली जुनी अर्थप्लेट मार्च-एप्रिलमध्ये नावापुरती उरते.

व्होल्टेजचं गणित बहुतेक विक्रेते सांगत नाहीत. कॉइलची (आतल्या तापणाऱ्या तारेची) ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० ऐवजी १९५ व्होल्ट मिळाले तर ३.३ किलोवॅटची भट्टी साधारण २.४ किलोवॅटचीच राहते, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त ताकद गेली. ८०० अंशांच्या भाजणीला त्यामुळे अर्धा-पाऊण तास उशीर होतो, एवढंच. १०५० ला ती रखडत पोचते. १२०० चा आकडा मात्र व्होल्टेज असं पडणाऱ्या वाडीत विसरून जावा. म्हणून भाजणी सकाळी सुरू करावी, संध्याकाळी सगळ्या घरांतले दिवे, पंखे, एसी लागायच्या आत ती वर पोचलेली असावी. स्टॅबिलायझर घेण्यापेक्षा वेळ बदलणं स्वस्त पडतं.

तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये काय असलं पाहिजे? किमान चार टप्प्यांचा प्रोग्रॅम, तापमान मोजणारा के-टाइप थर्मोकपल आणि वीज जाऊन आली तर होती तिथून पुढे चालू होण्याची सोय. ही शेवटची सोय नसलेला कंट्रोलर गोव्यात घेऊ नये. काहींमध्ये ती असते पण कारखान्यातून बंद करून येते, तेव्हा विचारून घ्या. दुसरं, आत एसएसआर, म्हणजे कॉइलची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा ‘चालू’ स्थितीतच अडकतो आणि भट्टी थांबायची तिथे थांबत नाही. त्याच्यापुढे वेगळा कॉन्टॅक्टर (वीज तोडणारा मोठा स्विच) आणि कमाल तापमानाला तो पाडणारा अलार्म असला तर टाइल्सही वाचतात आणि पडवीचं लाकडी आढंही. तिसरं, दार उघडताच वीज तोडणारा स्विच. कॉइल उघडी असते, हात लागला तर जिवावर बेततं. या तिन्ही गोष्टी मूळ किमतीत नसतील तर जास्तीचे पैसे देऊन बसवून घ्याव्यात, यात काटकसर नको.

आता आत किती मावतं ते. १२ इंच म्हणजे १२ इंच वापरता येत नाहीत. कॉइलपासून एक इंच सोडला की १० उरतात. ऑनग्लेझची टाइल उभी भाजता येते, आणि या भट्टीचा खरा फायदा तिथे आहे. ७-८ मिलिमीटर जाडीची टाइल, मध्ये १२ मिलिमीटर मोकळं, असं मांडलं की ६ बाय ६ च्या १२ टाइल्स एका ओळीत बसतात. म्हणजे ३ बाय ४ ची, १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच अशी अख्खी चौकट एकाच भाजणीत. सगळा निळा एकाच छटेचा येतो. ८ बाय ८ च्याही तितक्याच बसतात. ४ बाय ४ च्या मात्र दोन ओळी आणि दोन मजले लागतात, ४८ टाइल्स. घरनंबर करणाऱ्याने हेच माप धरावं. टाइल्स उभ्या धरायला सिरॅमिकचा रॅक वेगळा विकत घ्यावा लागतो. रॅक नसेल आणि आडव्या मांडल्या, तर १० इंची शेल्फवर ६ बाय ६ ची एकच टाइल बसते, पाच मजले केले तरी पाचच. पारंपरिक आझुलेजोत ग्लेझ वितळून वाहतं, टाइल आडवीच ठेवावी लागते आणि वरचं तापमान १०४०-१०६० असतं. एका भाजणीत पाच टाइल्स हा धंद्याचा हिशेब होत नाही. शिकायला, नमुने काढायला ठीक.

ऑनग्लेझसाठी चालणारं वेळापत्रक असं: ६०० अंशांपर्यंत ताशी १२०, पुढे ताशी २०० ने ८०० पर्यंत, तिथे १५ मिनिटं थांबणं. एकूण सहा तास, वीज साधारण ८ ते १० युनिट. ५७३ अंशांना टाइलमधल्या क्वार्ट्‌झचं आकारमान झटकन वाढतं आणि थंड होताना तिथेच आक्रसतं. त्या पट्ट्यात घाई केली तर टाइल मधोमध चिरते. ५०० अंशांपर्यंत वरचं छिद्र उघडं ठेवायचं. रंगात मिसळलेलं तेल जळून त्याचा धूर निघून जायला हवा, कोंडला तर रंग करपट, निस्तेज होतो. थंड होणं रात्रभरावर सोडा. १०० च्या खाली गेल्याशिवाय दार उघडू नये, किलकिलंसुद्धा नाही. वीज मध्येच गेली आणि तापमान ५०० च्या खाली असेल तर काही बिघडत नाही, पुन्हा चढवा. वरच्या टप्प्यात गेली तर थंड होऊ द्या आणि पूर्ण भाजणी पुन्हा करा, ऑनग्लेझला दुसरी भाजणी सोसते.

थर्मोकपल मागच्या भिंतीत असतो, दार पुढे. दाराची सील जरा सैल असली की पुढच्या टाइलला मागच्यापेक्षा कमी ताप मिळतो. डिस्प्लेवरचा आकडा म्हणजे फक्त मागच्या कोपऱ्याचा आकडा. टाइल्सच्या पहिल्या भाजणीत ०१६ नंबरचा कोन (ठराविक तापाला वाकणारा सिरॅमिकचा छोटा सुळका) पुढे एक आणि मागे एक ठेवा. तो ७९० च्या आसपास वाकतो. मागचा पूर्ण वाकला आणि पुढचा ताठ राहिला तर पुढच्या दोन जागा कोबाल्टच्या निळ्यासाठी ठेवा, कारण निळा थोडाफार फरक सहन करतो. लोखंडी लाल करत नाही, ताप जास्त झाला की तो तपकिरी होतो. कॅडमियमचे लाल-केशरी याहून नाजूक. ते इतर रंगांत मिसळायचे नाहीत, त्यांना हवा खेळती लागते. वृंदावनावर कुंकवासारखा लाल मागणाऱ्याला आधी भाजलेला नमुना दाखवावा.

देवनागरी अक्षरांसाठी ऑनग्लेझ फार सोयीचा. ‘श्री’ मधली, ‘थ’ मधली बारीक गाठ ओल्या रंगाने भरून जाते. रंग वाळल्यावर सुईने कोरून ती मोकळी करता येते, चुकलं तर अख्खं अक्षर पुसता येतं. कच्च्या ग्लेझवर एकदा टेकलेला कुंचला परत घेता येत नाही. शिरोरेषा मात्र एका जाडीची हवी. जाड थर भाजताना पोपडा धरून उडतो, अगदी पातळ थर जवळजवळ दिसेनासा होतो. रंगाची पूड काचेवर पॅलेट नाइफने तेलात घोटताना एन-९५ मास्क लावा, आणि ती भांडी पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.

गोव्यातली सगळ्यात मोठी अडचण भट्टीत नसून टाइलच्या पोटात असते. साधी वॉल टाइल सच्छिद्र असते. गोदामात दोन पावसाळे काढलेल्या खोक्यातली टाइल पाणी पिऊन बसलेली असते. दुसऱ्यांदा तापवली की ती वाफ मऊ झालेल्या ग्लेझमधून बाहेर येते आणि रंगवलेल्या चेहऱ्यावर, अक्षरांवर बारीक फोड उठतात. दोष रंगाला दिला जातो, खरं कारण ओल असते. उपाय सोपा आहे: रंगवण्याआधी कोऱ्या टाइल्स भट्टीत १२० अंशांवर चार तास ठेवा आणि दोन दिवसांत रंगवून भाजा. पाण्याच्या कटरवर कापल्या असतील तर आधी एक दिवस उन्हात. व्हिट्रिफाइड पॉलिश टाइल घेऊ नका, तिच्यावर बऱ्याचदा ग्लेझच नसतं. प्रत्येक नव्या खोक्यातली एक टाइल कोरी भाजून बघा, कारण एकाच दुकानातल्या दोन खोक्यांचं ग्लेझ वेगळं निघू शकतं.

भट्टीलाही हीच ओल बाधते. आतल्या इन्सुलेशन विटा हवेतलं पाणी शोषतात आणि जूनमध्ये स्विच टाकताच आरसीसीबी पडतो. तेव्हा कित्येक इलेक्ट्रिशियन आरसीसीबीच काढून टाकायचा सल्ला देतात. तो कधीही ऐकू नये. त्याऐवजी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी रिकामी भट्टी छिद्र उघडं ठेवून ११० अंशांवर दोन तास चालवा, म्हणजे ओल साचतच नाही. बंद असताना आत ६० वॅटचा जुना बल्ब लावून ठेवला तरी विटा कोरड्या राहतात. तापवायच्या आधी तो काढायचा, एवढं विसरू नका. तरीही आरसीसीबी पडत असेल तर गळती कॉइलच्या टोकाशी शोधावी. सिरॅमिक फायबरचं अस्तर असलेल्या भट्ट्या पाणी कमी धरतात आणि लवकर तापतात, पण तितक्याच लवकर निवतात. वर फायबरची धूळ फुप्फुसाला वाईट. घरात विटांचीच बरी.

बाहेरचा पत्रा बहुतेक ठिकाणी पावडर कोटिंग केलेल्या एमएसचा (साध्या पोलादाचा) येतो. कळंगुट, हणजूण, कोलवा अशा खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात तो बिजागऱ्यांपासून गंजायला लागतो. ३०४ ग्रेडच्या स्टीलचं कवच मागितलं तर मिळतं, किंमत वाढते, पण समुद्राजवळ ती वाढीव किंमत वसूल होते. डिचोली-सांगेच्या बाजूला साधा पत्रा चालेल. पत्र्यापेक्षा महत्त्वाचे मागचे टर्मिनल. पितळी नट हिरवे पडले की सांधा सैल होतो, तापतो आणि कॉइलचं टोक जळतं. दर दहा-पंधरा भाजण्यांनी प्लग काढून नट आवळा. त्याच वेळी मल्टिमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. या ताकदीला नव्या कॉइलचा तो १६ ओहमच्या आसपास असतो. साडेसतराच्या वर गेला की कॉइल बदलायची वेळ झाली. एकदा तापलेली कॉइल थंडपणी वाकवली तर काडीसारखी तुटते, म्हणून जुनी ओढून सरळ करत बसू नका.

भट्टी गोव्याबाहेरून ट्रान्सपोर्टने येते. कोटेशनमध्ये जीएसटी, लाकडी पॅकिंग आणि वाहतूक या तीन ओळी वेगळ्या लिहून मागा, नाहीतर सांगितलेला भाव आणि दिलेले पैसे यांचा मेळ बसत नाही. कॉइलचा एक जादा संच, एक थर्मोकपल, दोन शेल्फ आणि शेल्फ उचलून धरणारे आठ प्रॉप्स त्याच ऑर्डरमध्ये घ्या, नंतर एकेक वस्तू मागवताना भाड्यातच पैसे जातात. माल उतरवल्यावर सही करायच्या आधी खोका उघडून दाराच्या कडेच्या विटा पाहा. तिथे केसभर रेघ असली तर चालेल, तापल्यावर विटांना तशा रेघा पडतातच. विटेचा तुकडा हलत असेल तर तसं पावतीवर लिहून, फोटो काढूनच माल घ्या. पहिली भाजणी रिकामी, ताशी १०० ने, ६०० पर्यंत करा. त्यातून निघणाऱ्या वाफेला आणि वासाला घाबरू नका, पण त्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवा आणि भट्टीपाशी कोणीतरी बसलेलं असू द्या.