टॅरोचा स्वस्त डेक, काही महिन्यांच्या वापरानंतर: चित्रं पास, पाठ नापास

टॅरो म्हणजे भविष्य वाचायचा 78 कार्डांचा संच, म्हणजे डेक. कार्ड उलटं, म्हणजे डोकं खाली करून आलं, तर त्याचा अर्थ सरळपेक्षा वेगळा धरतात. आता सगळ्यात मोठी तक्रार आधी. या डेकची पाठ एकतर्फी आहे. गडद निळ्या रंगावर चंद्रकोर आणि तिच्याखाली तीन चांदण्या. कोर वर दिसली की कार्ड सरळ, खाली दिसली की उलटं, आणि हे सगळं कार्ड पालथं असतानाच कळतं. सरळ-उलटे अर्थ वापरणाऱ्याला असा डेक विकणं म्हणजे पेपर फोडून परीक्षा घेण्यासारखं आहे. विक्रीच्या फोटोत पाठीचं एकच कार्ड दाखवलंय, त्यामुळे घेण्याआधी हे लक्षात येणं अवघड. परत घ्या म्हटलं तर विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: वस्तू फोटोसारखीच आहे आणि सील फोडलंय. 390 रुपयांसाठी ग्राहक आयोगात कोण जातो, हा हिशेब त्यालाही पक्का ठाऊक असावा.

चित्रं नेहमीचीच आहेत. 1909 साली लंडनमध्ये आलेला रायडर-वेट डेक, पामेला कोलमन स्मिथची रेखाटनं, 22 मेजर (सन, टॉवर अशी मोठी कार्डं) आणि 56 मायनर (पत्त्यांसारखी चार रंगांची: वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स). पामेला 1951 मध्ये वारली. आपल्याकडे कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, म्हणून 2012 पासून ही मूळ चित्रं इथे कोणीही छापू शकतो. स्वस्त डेकांचा सुळसुळाट आहे तो त्यामुळेच. चित्रं आयती मिळतात, पाठ मात्र प्रत्येक छापखाना आपल्या कल्पनेने सजवतो, आणि घोळ नेमका तिथे होतो. सजवणाऱ्याला चंद्र गोड दिसतो. कार्ड अर्धा फेरा फिरवलं की काय होईल, हे कोणी त्याला सांगितलेलं नसतं.

एवढं काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी. कार्डं टेबलावर पंख्यासारखी पसरून समोरच्याला निवडायला सांगितलं की कोर खाली असलेली कार्डं वेगळी उठून दिसतात. थोड्या सवयीच्या माणसाचा हात ती टाळतो किंवा मुद्दाम उचलतो. वाचणाऱ्याचंही तेच. तिसरं कार्ड उलटं येणार हे आधीच दिसलं की पहिल्या दोन कार्डांचा अर्थ तो नकळत त्या दिशेने वळवायला लागतो. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा पाहा. दशावतारी संचात 120 पानं, सगळी गोल, पाठीवर साधा एकच रंग. पालथ्या पानावरून काहीही कळत नाही. 78 आयताकृती कार्डांना एवढं साधं जमू नये?

कुठलाही डेक घेताना दोन कार्डं पालथी शेजारी ठेवायची, एक अर्धा फेरा फिरवायचं आणि बघायचं. फक्त नक्षी बघून थांबू नका, कडाही बघा. नक्षी दोन्हीकडून सारखी असूनही कापताना छपाई सरकली असेल तर एका बाजूचा पांढरा काठ मिलिमीटरभर जाड राहतो आणि पाठ पुन्हा एकतर्फी होते. महागड्या डेकांतही हा दोष निघतो. कडेपर्यंत रंग नेलेली, काठ नसलेली पाठ त्यामानाने सुरक्षित.

आता पिसण्याबद्दल, कारण "उलटी कार्डं येतच नाहीत" आणि "उलटीच फार येतात" या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा पिसण्यात असतं. नवा डेक सगळा सरळ लावलेला येतो. हातात धरून वरून खाली सोडत पिसलं तर कार्डांचा क्रम बदलतो, दिशा बदलत नाही. तासभर पिसलं तरी एकही कार्ड उलटं होणार नाही. दिशा बदलायची तर डेक काटायचा, एक भाग अर्धा फेरा फिरवायचा, मग दोन्ही एकत्र पिसायचे, आणि हे निदान चार-पाच वेळा करायचं. एकदाच फिरवून वरवर पिसलं तर उलटी कार्डं गठ्ठ्याने एकत्र राहतात आणि एखाद्या मांडणीत एकदम ओळीने येतात. दुसरा मार्ग म्हणजे सगळी कार्डं टेबलावर पालथी पसरून दोन्ही हातांनी गोल गोल कालवायची. मिसळ उत्तम होते, कोपरे लवकर झिजतात. या डेकचा कागद पातळ असल्याने कोपऱ्यांवर पांढरे डाग पहिल्या काही आठवड्यांतच दिसले.

काटून अर्धा भाग फिरवत राहिलात तर साधारण 39 कार्डं उलटी असतात, म्हणजे सेल्टिक क्रॉस या दहा कार्डांच्या मांडणीत सरासरी पाच. दहांत सात किंवा जास्त उलटी येणं हे सहा-सात मांडण्यांत एकदा आपोआप घडतं. त्यावरून "सगळंच अडलंय" असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. उलट्यांचं प्रमाण कमी हवं असेल तर सगळा डेक आधी सरळ लावायचा, एकदाच चौथा भाग, म्हणजे वीसेक कार्डं फिरवायची आणि पुढे फक्त क्रम बदलत पिसायचं.

उघडताना होणारी गडबड तर जवळपास प्रत्येक नवशिक्याकडे दिसते. कार्ड पुस्तकाच्या पानासारखं डावीकडून उजवीकडे उलगडायचं. वरची कड धरून पुढे पाडलं की सरळ कार्ड उलटं होतं आणि उलटं सरळ. एकाच मांडणीत दोन्ही पद्धती वापरल्या तर सरळ-उलट्याला काही अर्थच उरत नाही. दिशा नेहमी वाचणाऱ्याच्या बाजूने धरायची, समोर बसलेल्याच्या नाही. सेल्टिक क्रॉसमधलं दुसरं, आडवं कार्ड बहुतेक जण सरळच मानतात. वेगळं काही करायचं असेल तर ते पिसण्याआधी ठरवा. आणि मांडणी उचलताना सवयीने सगळी कार्डं सरळ करून ठेवली तर डेक हळूहळू पुन्हा सरळच होत जातो.

हँग्ड मॅनबद्दल एक सूचना: तो उलटा लटकलेला असणं हेच त्याचं सरळ रूप. घाईत वाचणारे इथे फसतात. XII वर आणि नाव खाली असेल तर कार्ड सरळ. हर्मिटचा IX उलटा केला की XI दिसतो, जो या डेकमध्ये जस्टिसचा आकडा आहे, पण तिथे चित्र सांभाळून घेतं.

सोबतच्या पुस्तिकेकडे वळू. सुरुवातीला तिच्याबद्दल मत अगदी वाईट होतं. मेजर कार्डांच्या उलट्या रकान्यात सरळ अर्थाला नकार जोडलाय, बाकी काही नाही. सन सरळ म्हणजे आनंद, उलटा म्हणजे दुःख. हे आळसाचं काम आहे. हा डेक आखणाऱ्या आर्थर वेटने खुद्द आपल्या अर्थांच्या यादीत सन उलटा आला तर तोच अर्थ, फक्त कमी प्रमाणात, असं म्हटलंय. टॉवरलाही एका मताप्रमाणे हाच नियम दिलाय. फोर ऑफ वाँड्स उलटं आलं तरी अर्थ बदलत नाही, असं तो स्पष्ट लिहितो. म्हणजे उलटं म्हणजे विरुद्ध, हा नियम ज्याच्या नावाने डेक विकला जातो त्यालाच मान्य नव्हता.

मायनर कार्डं वेटच्या यादीशी ताडून पाहिल्यावर मात्र मत बदलावं लागलं. तिथे छापखान्याने डोकं न चालवता वेटचेच अर्थ उचललेत आणि म्हणून तो भाग वापरण्याजोगा आहे. टेन ऑफ स्वोर्ड्स उलटं: लाभ, यश, पण टिकणारं नाही. एट ऑफ स्वोर्ड्स सरळ: वाईट बातमी, संकट, उलटं: अस्वस्थता, विरोध, अनपेक्षित काहीतरी. दोन्हीकडून कटकटच. फाइव्ह ऑफ कप्स उलटं म्हणजे बातमी, नातेसंबंध, परत येणं. यांतले बरेच अर्थ वेटने जुन्या याद्यांतून घेतले, आणि त्या परंपरेच्या मुळाशी 18 व्या शतकातला पॅरिसचा पत्त्यांवरून भविष्य सांगणारा एतेया आहे. आलिएत हे स्वतःचं आडनाव उलटं लिहून त्याने हे टोपणनाव घेतलं होतं. सरळ-उलट्या अर्थांच्या याद्या छापणाऱ्या पहिल्यांमधल्या माणसाला शोभणारा उद्योग. 1770 च्या त्याच्या पुस्तकात टॅरो नव्हे, साध्या 32 पत्त्यांचे अर्थ होते. म्हणून वेटचे अर्थ आणि पामेलाची चित्रं अनेकदा जुळत नाहीत. स्टारचं चित्र शांत आणि आशेचं, पण वेटच्या यादीत सरळ स्टारला आधी नुकसान, चोरी आणि मग, दुसऱ्या मताप्रमाणे, आशा.

यातून वापरायला सोपा रस्ता एकच: 78 कार्डांचे 156 अर्थ पाठ करू नका. सरळ अर्थ नीट शिका आणि उलट्यासाठी एक नियम निवडून तो त्या मांडणीभर बदलू नका. प्रचलित नियम चार-पाच आहेत: शक्ती कमी झालेली, अडलेली किंवा उशिरा येणारी, बाहेर न दिसता आत चाललेली, अतिरेक झालेली, किंवा त्याच रंगातल्या आधीच्या कार्डाकडे मागे सरकलेली, म्हणजे उलटा सहा पाचाकडे. नवशिक्यांसाठी "अडलेली" सगळ्यात चांगला, कारण तो जवळपास प्रत्येक कार्डाला लावता येतो. तापदायक कार्डांना तो लावला की त्रास ओसरतोय असा अर्थ निघतो. ते चालतं, फक्त "सुटलं" म्हणू नका, "सुटायला लागलंय" म्हणा.

उदाहरण घ्या. प्रश्न नोकरी बदलण्याचा, तीन कार्डं: नाइट ऑफ वाँड्स उलटं, फोर ऑफ पेंटॅकल्स सरळ, सिक्स ऑफ स्वोर्ड्स उलटं. अडलेपणाचा नियम लावला तर निघायची उर्मी आहे पण पाय उचलत नाही. मध्ये पैसा घट्ट धरून बसलेला माणूस. तिसऱ्या कार्डातली होडी किनाऱ्यावरच. तिन्ही एकाच दिशेने बोलतात आणि कारण मधल्या कार्डात सापडतं. विरुद्धार्थाचा नियम लावला असता तर पहिलं कार्ड मंद माणूस झालं असतं, तिसरं वादळी प्रवास, आणि गोष्टीचं डोकं कुठे, पाय कुठे कळलं नसतं. एकाच मांडणीत पहिल्याला अडलेपणा आणि तिसऱ्याला अतिरेक लावणारे वाचक भेटतात. ते कार्डं वाचत नाहीत, समोरच्याचा चेहरा वाचतात.

पाठीवरचा उपाय म्हणून अपारदर्शक प्लास्टिकची पाकिटं घालून पाहिली. टॅरोच्या 70 बाय 120 मिलिमीटरच्या कार्डाला बसणारी पाकिटं 50 च्या गठ्ठ्यात मिळतात, म्हणजे दोन गठ्ठे घ्यायचे आणि 22 उरवायची. खर्च डेकच्या निम्म्याहून जास्त. वर पाकिटाला एकाच बाजूला तोंड असतं, म्हणजे पाठ पुन्हा एकतर्फी! यावर तोडगा आहे. आधी कार्डं नीट उलटसुलट पिसून घ्या, पाकिटं सगळी एकाच दिशेला धरा आणि कार्ड ज्या दिशेने हातात येईल तसंच आत सरकवा. मग तोंडावरून आतली दिशा कळत नाही. डेक मात्र एवढा जाड होतो की एका हातात मावत नाही. दोन भाग करून पिसावा लागतो.

फुकटातला उपाय अधिक बरा निघाला. उलटी कार्डं वापरायचीच नाहीत. गोल्डन डॉन या इंग्लंडमधल्या जुन्या गूढविद्या मंडळाची पद्धत तशीच होती: सगळी कार्डं सरळ, आणि जोर ठरवायचा तो शेजाऱ्यांवरून. वाँड्स अग्नी, कप्स पाणी, स्वोर्ड्स वायू, पेंटॅकल्स पृथ्वी. अग्नी-पाणी शेजारी आले की एकमेकांना क्षीण करतात, वायू-पृथ्वीचंही तसंच. एकाच रंगाची शेजारी आली तर जोर वाढतो. बाकीच्या जोड्या एकमेकांना धरून राहतात. तीन कार्डांत मधलं मुख्य धरायचं आणि दोन्ही बाजू तपासायच्या. या पद्धतीत पाठीवर चंद्र असो की छापखान्याचा पत्ता, फरक पडत नाही. त्यामुळे या डेकबद्दलचा राग थोडा निवळला, पूर्ण नाही, कारण सरळ-उलटं शिकायचंय म्हणून डेक घेणाऱ्याला हे सांगून काय उपयोग?

पावसाळ्याचं वेगळं. जूनपासून कार्डांना बाक आला. पुढची बाजू चकचकीत, मागची मॅट, आणि दमट हवेत दोन्ही सारख्या फुगत नाहीत. सपाट ठेवून वर जड पुस्तक आणि डब्यात सिलिका जेलची पुडी, एवढ्यावर भागतं. टाल्कम पावडर लावू नका, काळ्या रेघांत पांढरी बसते. बाक आलेली कार्डं पिसताना एकाच जागी काटली जातात, म्हणजे तीच तीच कार्डं वर येतात. सपाट होईपर्यंत टेबलावर कालवणंच बरं.

पाचांत अडीच तारे. चित्रांची छपाई स्वच्छ आहे, पिवळा जरा भडक. पाठीवरची कोर काढून साधी चौकटींची जाळी छापली तर चार देईन. विक्रेत्याला हे लिहून कळवलंय. उत्तरात पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन आलं, त्याच डेकवर.