२६ महिने, ३१ हजार किलोमीटर आणि एक विसराळू बटण : ऑटो स्टार्ट-स्टॉपचा अनुभव

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी पावणेआठला बेसमेंटमध्ये क्लच दाबून गाडीचं बटण दाबलं, तर नुसतं कट-कट-कट-कट. डॅशबोर्डवर दिवाळी लागली आणि विझली. वॉचमन म्हणाला, "साहेब, धक्का मारू का?" बेसमेंटच्या चढावर कुठे धक्का मारणार! शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आपली गाडी आणून जंपर लावला. ते काळी केबल थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावायला निघाले होते. त्यांना थांबवून ती बॉडीच्या बोल्टला लावली, कारण या स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्यांत (सिग्नलला इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की परत चालू) निगेटिव्हवर बॅटरीची नाडी बघणारा छोटा सेन्सर असतो. एवढं मला माहीत होतं, कारण दोन वर्षं मी या स्टार्ट-स्टॉपच्या भीतीपोटी वाचतच बसलो होतो. फक्त भीती चुकीच्या गोष्टीची होती.

गाडी एक लिटर तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. नाव लिहीत नाही, सर्व्हिस सेंटरशी वाद अजून चालू आहे. बाकी गाडी, सीट, पिकअप, आवाज यांबद्दल तक्रार नाही. मायलेज शहरात १३-१४, हायवेला १८.

आधी बटणाबद्दल बोलतो, कारण माझ्या डोक्यात रोज सकाळी तेच जातं. स्टार्ट-स्टॉप नको असेल तर बंद करायचं बटण आहे. दाबलं की बंद. पण गाडी बंद करून पुन्हा चालू केली की साहेब परत हजर! सीट आठवते, रेडिओचं स्टेशन आठवतं, कालचा एसी किती नंबरवर होता तेही आठवतं, हे एक तेवढं आठवत नाही. कारण सरकारी चाचणीत आहे. आपल्याकडची चाचणी ११८० सेकंदांची, त्यातला जवळजवळ पाव वेळ गाडी नुसती उभी. तेवढा वेळ इंजिन बंद राहिलं की कागदावरचं मायलेज वाढतं, कार्बनचा आकडा उतरतो. २०२२-२३पासून कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला साधारण ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आत ठेवायची आहे, आधी १३० चालायची. म्हणजे कंपनीचे ग्रॅम वाचावेत म्हणून नको असेल तेव्हा दर वेळी मी बटण दाबायचं. २६ महिन्यांत शेकडो वेळा तरी दाबलं असेल. त्यावरचं अक्षर पुसट झालंय.

आता टर्बो, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा. सुरुवातीचे सहा महिने मला झोप नव्हती असं म्हटलं तरी चालेल. आमच्या पिढीला डिझेलवाल्यांनी शिकवलेलं : टर्बोची गाडी पळवून आणली की मिनिटभर आयडलवर ठेवा, मग बंद करा. टर्बोचा शाफ्ट जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, आणि तो तरंगतो इंजिनच्या ऑइलवर. इंजिन बंद, ऑइल पंप बंद. एका टोकाला लाल होईपर्यंत तापलेलं टर्बाइन, मधे अडकलेलं थेंबभर ऑइल. ते जळून त्याचा कोळसा होतो, आणि तोच पुढे बेअरिंगला खातो. आणि इथे गाडी स्वतःहून, मला न विचारता, दर सिग्नलला इंजिन बंद करते!

मग ऑगस्टमध्ये कोल्हापूरला जाताना खंबाटकी घाटात ट्रेलर आडवा झाला. दुसऱ्या गियरमध्ये चढत आलो होतो, चार माणसं आणि सामान. गाडी थांबली, न्यूट्रल केलं, क्लच सोडला आणि इंजिन बंद. माझ्या पोटात गोळा. लगेच क्लच दाबून चालू केलं आणि पाच मिनिटं तसंच आयडलवर ठेवलं. बायको म्हणाली, "पेट्रोल वाचवायला घेतलीस ना?"

त्यानंतर मत बदललं, आणि तेही एका शिट्टीमुळे. २२ हजार किलोमीटरला पिकअप घेताना बॉनेटमधून शिट्टी यायला लागली. झालं, टर्बो गेला असं मी घरात जाहीर करून टाकलं. सर्व्हिस सेंटर "ऑब्झर्वेशनला ठेवू" म्हणाले, म्हणून आधी ओळखीच्या फिटरकडे गेलो. त्याने पाइप काढला, शाफ्टचं टोक बोटांत धरून हलवून बघितलं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही. पंख्याच्या पात्यांना काही नाही. पाइपमध्ये ऑइलचा हलका ओलावा होता, तो असतोच म्हणाला. शिट्टी होती सैल झालेल्या क्लॅम्पची. घेतले १५० रुपये.

त्यानेच दुसरी गोष्ट दाखवली. गाडी बंद केल्यावर कधीकधी दोन-तीन मिनिटं पुढून घूंऽऽ असा बारीक आवाज यायचा, मी तो फॅनचा समजत होतो. तो विजेवर चालणारा छोटा पाण्याचा पंप होता! टर्बोच्या मधल्या भागाभोवती कूलंट फिरतं आणि इंजिन बंद झाल्यावरही हा पंप ते फिरवत राहतो. जुन्या डिझेलवाल्यांच्या बहुतेक टर्बोंना ही चैन नव्हती. शिवाय पुण्यात गणेशखिंड रोडला ताशी पंधराच्या वेगाने सरकताना टर्बोला कामच काय असतं? तो फारसा गरमच होत नाही. म्हणजे शहरातल्या सिग्नलला टर्बोची काळजी व्यर्थ. घाट चढताना, किंवा हायवेवर पळवून आणून लगेच टोलनाक्यावर थांबताना मात्र मी अजूनही बटण दाबतो. पाच सेकंदांचं काम, कोण वाद घालणार.

इंजिनच्या झिजेचंही तसंच. क्रँकशाफ्ट फिरत असतो तोवर बेअरिंगवर ऑइलच्या थरावर तरंगतो, थांबला की खाली टेकतो, आणि परत फिरताना पहिले काही फेरे घासत जातो. साधं इंजिन दिवसातून चारदा हे सोसतं. माझं दिवसाला अजून चौदा-पंधरा वेळा, म्हणजे आजवर सात हजारांच्या वर. पण खरी झीज होते सकाळच्या थंड स्टार्टला, जेव्हा ऑइल रात्रभर खाली निथळलेलं असतं. इंजिन पुरेसं तापल्याशिवाय ही सिस्टिम बंदच करत नाही, आणि ४० सेकंदांत ऑइल कुठे जात नाही. वर अशा इंजिनांत बेअरिंगला पॉलिमरचा लेप देतात, सेल्फही (इंजिन सुरू करणारी मोटर) दणकट बसवतात. माझा सेल्फ आजही पहिल्या दिवसासारखा मारतो. ऑइल मात्र मी दहा हजार किलोमीटरची वाट न बघता साडेसात हजारांना बदलतो. यात कंजुषी करत नाही, आणि मी कशात कंजुषी करत नाही हे सांगायची वेळ क्वचित येते.

तर मार खाल्ला तो बॅटरीने. इंजिन बंद असताना ब्लोअर, दिवे, स्क्रीन, गाणी सगळं तिच्यावर, आणि वर दर सिग्नलला सेल्फ. म्हणून साधी नाही, ईएफबी बॅटरी लागते, म्हणजे सततचं चालू-बंद सोसणारी दणकट बॅटरी. काही गाड्यांना त्याहून महाग एजीएम. सर्व्हिस सेंटरने ११,२०० सांगितले. बाहेर जुनी देऊन ८,३०० ला मिळाली. दुकानदार म्हणाला, "साधी टाका ५,२०० ला आणि बटण दाबत जा." मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण या गाडीचा अल्टरनेटर बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाही, ब्रेक मारताना फुकटची वीज भरायला जागा ठेवतो. अशा अर्धपोटी वागणुकीत साधी बॅटरी लवकर मरते. ईएफबीच टाकली.

आता हिशोब. स्क्रीनवर २६ महिन्यांत ६१ तास इंजिन बंद होतं असं दिसतं. माझं इंजिन आयडलवर तासाला ०.६ लिटर पितं, म्हणजे ३७ लिटर. १०४ च्या भावाने ३,८५० रुपये वाचले. ईएफबी आणि साधीतला फरक ३,१००. उरले ७५०. दोन वर्षांहून जास्त काळात घरच्या चौघांची एकदा मिसळ, तीही ताक न घेता. आणि आधीच्या गाडीची साधी बॅटरी साडेपाच वर्षं चालली होती हे हिशोबात धरलं तर मिसळही गेली. मेमध्ये एसी चालू असला की इंजिन अर्ध्या मिनिटात परत सुरू होतं, ते वेगळंच.

पण हे वाचणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण मला ती ११,२०० चं कोटेशन हातात आल्यावर कळली. बॅटरी मरण्याआधी जवळजवळ दोन महिने माझ्या गाडीत स्टार्ट-स्टॉप आपोआप बंद झालं होतं. विद्यापीठ चौकात उभं राहिलं तरी इंजिन चालूच. मी खूश! बटण दाबायचा त्रास वाचला म्हणून ऑफिसात सांगितलंही. वास्तविक बॅटरी पुरेशी भरत नाही हे सेन्सरला कळलं होतं आणि परत सेल्फ मारता येईल याची खात्री नसल्यामुळे सिस्टिम इंजिन बंद करत नव्हती. माझ्या गाडीत कुठलाही दिवा लागला नाही, कुणी काही सांगितलं नाही. तेव्हाच बॅटरी तपासली असती तर वॉरंटीचं भांडण निदान आरामात भांडता आलं असतं.

ते भांडण असं : त्यांचं म्हणणं, बाहेरून डॅशकॅम (काचेवरचा कॅमेरा) बसवलाय आणि रनिंग कमी आहे. डॅशकॅम पार्किंगमध्येही चालू असतो, हे मला मान्य करावं लागलं. पण महिन्याला बाराशे किलोमीटर म्हणजे रनिंग कमी? मग जास्त कुणाची, एसटीची? तीन ईमेल झाल्यावर प्रो-राटा, म्हणजे वॉरंटीच्या उरलेल्या काळाच्या प्रमाणात, १,१५० रुपये मंजूर झाले. रोख नाही. त्यांच्याच काउंटरवर ॲक्सेसरी घ्यायच्या, ९० दिवसांत. परवा जाऊन बघितलं, सगळ्यात स्वस्त रबरी मॅटचा सेट १,४९० चा आहे.