सहा तारांचा बेस घेताना: ३४ इंच, ३५ इंच की तिरपे फ्रेट?

सहा तारांचा बेस गिटार घ्यायचं मनात असेल, तर आधी एक गोष्ट पक्की करा. तुम्हाला खालच्या सुराची जाड तार हवी आहे की वरच्या सुराची बारीक? मेटल वाजवणारे बरेच जण खालच्या बी तारेसाठी सहा तारांकडे वळतात, पण ती बी पाच तारांच्या बेसवरही असते. बी-ई-ए-डी-जी-सी या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये (जाड तारेकडून बारीककडे) सहावी तार तुम्हाला देते ती वरची सी. दोन्ही गिटारवाले सात तारांवर रिफ (पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) हाणताहेत आणि तुम्ही तेच एक सप्तक खाली वाजवताय, असं तुमच्या बँडचं काम असेल, तर त्या सीला फारसा हात लागणार नाही. मग पाच तारांचाच घ्या. तेवढ्याच पैशांत एक पायरी वरचा बेस मिळेल आणि गळाही आटोपशीर राहील.

प्रोग्रेसिव्हमध्ये हिशेब बदलतो. गिटार सोलोत शिरली आणि बँडमध्ये कीबोर्ड नसला, की कॉर्ड कोणी धरायचा? तो बेसवर येतो. खाली मूळ सूर आणि वर जी-सी तारांवर तिसरा नि सातवा स्वर, एवढ्याने सगळी हार्मनी उभी राहते. चार तारांवर हे करायला गेलं तर सूर इतके खाली पडतात की नुसता गढूळ गुरगुराट ऐकू येतो. अँथनी जॅक्सनने १९७५ साली कार्ल थॉम्पसनकडून सहा तारांचा बेस बनवून घेतला. पुढे ड्रीम थिएटरच्या जॉन मायंगने हे वाद्य प्रोग मेटलच्या घराघरात नेलं. मायंगच्या वादनात वरच्या तारा सतत कामात असतात, म्हणून त्याच्या हातात सहा तारा शोभतात.

एवढं ठरलं की स्केलची लांबी, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी. मोकळी बी सुमारे ३१ हर्ट्झवर वाजते. तार तीच, सूर तोच ठेवून लांबी वाढवली की ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ३४ वरून ३५ इंचावर गेलात तर ताण जेमतेम सहा टक्के वाढतो, ३७ इंचावर मात्र अठरा टक्क्यांच्या वर. त्यामुळे '३५ इंच म्हणजे बी घट्टच' हे दुकानात ऐकवलं जाणारं वाक्य अर्धंच खरं आहे. ०.१३० इंच जाडीची तार काढून ०.१३५ ची टाकली, तरी तेवढाच, किंबहुना थोडा जास्त फरक पडतो, आणि तोही खूप कमी खर्चात. ड्रॉप ए पर्यंत, म्हणजे बी तार ए वर उतरवून साडेसत्तावीस हर्ट्झपर्यंत, ३४ इंचांचा बेस जाड तारेवर व्यवस्थित निभावतो. बँडमध्ये आठ तारांच्या गिटार असतील आणि तुम्हाला खाली एफ शार्प लावून सी तार काढूनच टाकायची असेल, तर मात्र लांब स्केलला पर्याय नाही. कॅनडाच्या डिंगवॉल कंपनीचे तिरप्या फ्रेटचे (गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्या तिरप्या बसवलेले) बेस मेटलवाल्यांत एवढे का चालतात, याचं उत्तर तिथेच आहे. त्यांची खालची तार ३७ इंचांची असते आणि वरच्या तारा क्रमाने आखूड होत जातात.

आता प्रत्यक्ष बेसांकडे. आयबानेझचा एसआर ५०६ई ३४ इंचांचा आहे. गळा पातळ, तारा एकमेकींना खेटून, बार्टोलिनीचे पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबक). तीन बोटांनी वेगात वाजवणाऱ्याला, किंवा हात लहान असणाऱ्याला, यापेक्षा सोपा रस्ता मला दिसत नाही. त्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे मिडची, म्हणजे आवाजाच्या मधल्या पट्ट्याची, फ्रिक्वेन्सी बदलणारा छोटा स्विच: २५०, ४५० आणि ७०० हर्ट्झ. मुंबईतल्या छोट्या हॉलमध्ये आणि जॅमरूममधल्या दहा इंची स्पीकरच्या अँपवर ३१ हर्ट्झ बाहेर पडतच नाही. ऐकणाऱ्याच्या कानाला बी कळते ती तिच्या वरच्या हार्मोनिक्समधून, म्हणजे मूळ सुराच्या पटीत वाजणाऱ्या उपस्वरांमधून. दोन डिस्टॉर्शन गिटारींच्या भिंतीत बेस हरवला, की नवशिका हमखास बेसचा नॉब वर करतो आणि आणखी हरवतो. तिथे ४५० किंवा ७०० वर स्विच टाकून मिड थोडा वर घ्या, लगेच प्रत्येक नोट वेगळी ऐकू येईल. स्लॅप करणाऱ्यांनी, म्हणजे अंगठ्याने तारा ठोकून वाजवणाऱ्यांनी, मात्र एसआरपासून दूर राहावं, तारांमध्ये अंगठा घुसायला जागा कमी पडते.

यामाहाचा टीआरबीएक्स ५०६ सुद्धा ३४ इंचांचा. महॉगनीची बॉडी, लाकडाच्या पाच पट्ट्या जोडून केलेला गळा आणि अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह स्विच, म्हणजे बॅटरीवरचं सर्किट चालू-बंद करायची सोय. बॅटरी गेली तरी गिग बुडत नाही, पण ती सोय एसआरमध्येही आहे. आवाज एसआरपेक्षा सरळ, थोडा जुन्या वळणाचा. मेटल कमी आणि प्रोग रॉक जास्त वाजवत असाल तर मी याच्याकडे झुकेन.

बीटीबी हे एसआरचं मोठं भावंड, आयबानेझचंच. ३५ इंच, बॉडीतून आरपार गेलेला गळा आणि दोन तारांत ऐसपैस अंतर. टॅपिंग आणि स्लॅपला उत्तम, पण वजन आणि गळ्याची रुंदी सोसायची तयारी हवी. दुकानात पाच मिनिटं बसून वाजवल्यावर हा मोहात पाडतो. पट्टा लावून निदान अर्धा तास उभ्याने वाजवल्याशिवाय निर्णय घेऊ नका. डावं मनगट पहिल्या फ्रेटपाशी किती मुडपतं, ते तेव्हाच कळतं.

उरला ईएचबी, आयबानेझचाच बिनडोक्याचा, म्हणजे गळ्याच्या टोकाला खुंट्यांचा भाग नसलेला बेस. यातल्या मल्टिस्केल (प्रत्येक तारेची लांबी वेगळी) मॉडेलवर फ्रेट तिरपे, लांबी ३३ ते ३५ इंच. तिरपे फ्रेट पाहून लोक उगाच घाबरतात, हाताला त्यांची सवय लवकर होते. मात्र पहिल्या फ्रेटजवळचे कॉर्ड धरताना बोटं ताणली जातात, आणि कॉर्डसाठीच सहा तारा घेताय तर हे तपासून बघायलाच हवं. त्याचा खरा फायदा मुंबईकरालाच कळेल. संध्याकाळी दादरहून डोंबिवली फास्टमध्ये बेस घेऊन शिरणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्याला सांगायला नको. डोकं नसल्यामुळे बॅग खांद्याच्या वर फार डोकावत नाही आणि बेस वजनालाही हलका. रोज लोकलने जॅमला जाणाऱ्याने हा मुद्दा आवाजाच्या बरोबरीने तोलावा.

ट्रायल घ्यायला धोबीतलावचं फुर्टाडोज आणि वांद्र्याचं भार्गवाज ही वाद्यांची दोन्ही दुकानं पायाखाली घाला. सहा तारांचे बेस नेहमी टांगलेले नसतात, म्हणून आधी फोन करून जा. हातात आला की अँपचा टोन सपाट ठेवा. बी तारेवर पाचवा फ्रेट वाजवा, मग मोकळी ई. दोन्ही एकच सूर. बीवरचा सूर सुरुवातीला वर चढून मग खाली बसत असेल किंवा ईपेक्षा फारच मंद वाटत असेल, तर तार बदलून पुन्हा ऐकवायला सांगा. मग सी तारेवर बाराव्याच्या पुढे जा. तिथला आवाज पातळ, तारेसारखा किणकिणत असेल तर त्या बेसवर मेलडी वाजवायला मजा येणार नाही. शेवटी एकच तार वाजवून बाकीच्या पाच गप्प राहतात का ते बघा. जास्त गेनवर न वाजवलेली तार गुणगुणायला लागली, की सगळी रिफ चिखल होते. उजवा अंगठा खालच्या तारांवर सरकता ठेवायची सवय नसेल तर ती आत्ताच, चार तारांवर, लावून घ्या.

सेकंडहँड घेत असाल तर मुंबईचा पावसाळा लक्षात ठेवा. दमट हवेत गळा हलतो, आणि सहा तारांच्या ताणाखाली रुंद गळा पिळवटला असेल तर तो ट्रस रॉडने (गळ्याच्या आतल्या, बाक जुळवायच्या सळईने) सरळ होत नाही. ब्रिजकडून डोळा लावून फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडा गळ्याच्या टोकापर्यंत बघा. दोन्हींचा बाक सारखा हवा. ट्रस रॉडचा नट दोन्ही बाजूंना फिरतोय का, तेही विकणाऱ्यासमोरच फिरवून पाहा. अडकलेला असेल तर किंमत कितीही कमी असो, तो बेस सोडून द्या.