२^६७ − १ समोर ठेवून पारी/जीपी

पारी/जीपी हे संख्या सिद्धांताचं, म्हणजे पूर्णांकांच्या गणिताचं, मोफत सॉफ्टवेअर जोखायला २^६७ − १ म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या उत्तम. १६४४ मध्ये मर्सेन या गणितज्ञाने हिला मूळ संख्या म्हटलं, १८७६ मध्ये गणिती ल्युकाने ते खोडलं, आणि अवयव मात्र १९०३ मध्ये गणिती कोलने दाखवले.

स्प्रेडशीट इथेच गळपटते: पंधरा अंकांपुढे सरळ शून्यं. पारीत 'फॅक्टर' कमांड दिली की साध्या लॅपटॉपवर क्षणात १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ मिळतात. पहिल्यातून १ वजा करून १३४ ने भागा, बरोबर १४४५५८० येतात. अशा संख्येचा प्रत्येक अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो, म्हणून ताळा करायला हे सोपं.

फसगत होते ती फर्माच्या कसोटीत: एखाद्या पायाचा (संख्या − १) एवढा घात काढून त्याला संख्येने भागायचं, संख्या मूळ असेल तर बाकी १ येते. पाया २ घेतलात तर बाकी १ येते आणि संख्या मूळ असल्याचा भास होतो. कारण संख्येतून १ वजा केल्यावर उरणाऱ्या घातांकाला ६७ ने भाग जातो, आणि २^६७ ला या संख्येने भागलं की बाकी १ च उरते. पाया ३ घ्या, खोटेपणा उघडा पडतो. पण घात 'मॉड' लावूनच, म्हणजे प्रत्येक पायरीला फक्त बाकी ठेवत काढा. नुसता ३ चा एवढा घात मागितलात तर थेट ओव्हरफ्लो. शिवाय २ च्या जागी २.० टाइप केलंत की पूर्णांक गेलाच, फॅक्टर बिघडलं म्हणून समजा.

मोठ्या कामाला स्टॅक, म्हणजे पारीने राखून ठेवलेली मेमरी, अपुरा पडतो, तो 'अलॉकेटमेम'ने वाढवावा लागतो. चुकांचे संदेश नवख्याला काडीचे कळत नाहीत, ही खरी उणीव. नव्वद अंकी संख्येला दोनच तुल्यबळ अवयव असले, तर मात्र चहा नव्हे, जेवण उरकून या.