आगोटीच्या सामानातला रेडिओ: हाताने फिरवून चालणाऱ्या संचाचा तीन पावसाळ्यांचा अनुभव

हा संच मी 2022 च्या मे महिन्यात मागवला, पण तो घेण्याचे कारण त्याआधी दोन वर्षे घडले होते. 3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या वाडीत वारा पडल्यावर माणसे बाहेर आली, तेव्हा आडव्या झालेल्या पोफळी, मोडलेले माड आणि शेतात जाऊन पडलेले पत्रे सर्वांना दिसत होते, मात्र खाडीपलीकडच्या गावात काय झाले आहे हे कोणालाच कळत नव्हते. वीज सकाळीच गेली होती आणि मोबाईलची रेंजही दुपारपर्यंत टिकली नाही. दुसऱ्या दिवशी कोणीतरी बातमी आणली, की संध्याकाळी आणखी एक वादळ येत आहे. अंगणात भिजलेले तांदूळ सुकवायला पसरून बसलेल्या शेजारच्या काकींनी ते तसेच ओले गोळा करून पुन्हा पोत्यात भरले आणि त्यांना बुरशी आली. बातमी खोटी होती. आमच्या घरी रेडिओ होता, त्यात सेल घालण्याची सोयही होती, पण घरात सेल नव्हते. सेल आणून ठेवणे हे काम तहसील कार्यालयाचे नव्हते, माझे होते, आणि ती चुटपूट अजून गेलेली नाही.

आता संचाविषयी. आकाराने तो जेवणाच्या डब्याएवढा असून बाजूला घडी होणारा दांडा, वर लहानशी सौरपट्टी, पुढे विजेरी आणि मागे मोबाईल चार्ज करण्याचे छिद्र आहे. आत चार्ज होणारी बॅटरी आहे, आणि शिवाय तीन बारीक पेन्सिल सेल घालता येतात. मला तो 2,300 रुपयांना पडला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच धाटणीचे संच अनेक नावांनी विकले जातात आणि पुढे सांगितलेल्या गोष्टी कोणताही संच घेताना तपासून पाहाव्या लागतील.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे या संचावर मीडियम वेव्ह, म्हणजे दूरच्या केंद्रांचा रेडिओलहरींचा पट्टा, लागते. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त संचांवर केवळ एफएम असते, आणि डोंगराच्या कुशीतल्या आमच्यासारख्या वाडीत त्याचा उपयोग फारसा होत नाही, कारण एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात व मध्ये डोंगर आला की अडतात. मीडियम वेव्ह जमिनीलगत दूरवर पोहोचते. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी 558 किलोहर्ट्झवर आमच्या पडवीत रात्री स्पष्ट ऐकू येते. दिवसा थोडी खरखर असते. एक गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेली नाही, ती येथे सांगते. मीडियम वेव्हसाठी वरची तार ओढून उपयोग नाही, त्या लहरी पकडणारी कांडी संचाच्या आत असते, म्हणून आवाज अस्पष्ट वाटला तर संपूर्ण संच सावकाश गोल फिरवावा. एका विशिष्ट बाजूला तोंड झाले की खरखर मावळते आणि निवेदकाचा आवाज वर येतो. माझ्या घरी ती जागा सापडल्यावर मी पडवीच्या कठड्यावर खडूने रेघ मारून ठेवली आहे.

दांड्याबद्दलचे दावे मात्र फुगवलेले आहेत. एका सेकंदाला दोन फेरे या वेगाने एक मिनिट फिरवले, तर कमी आवाजात पाच-सहा मिनिटे बातम्या ऐकता येतात, आणि तेवढे पुरेसे आहे. पण त्याच दांड्यावर मोबाईल चार्ज होतो हे वाचून कोणी संच घेऊ नये. मी दहा मिनिटे घड्याळ लावून फिरवले, मनगट भरून आले आणि फोनमध्ये जेमतेम एक टक्का वाढला. सौरपट्टीही मे महिन्याच्या उन्हात थोडेफार काम करते, आभाळ भरून आले की जवळजवळ बंद पडते. वादळाच्या दिवसांत ऊन कुठून येणार? फोनसाठी वेगळी पॉवर बँक भरून ठेवणे हाच मार्ग आहे.

खाऱ्या वाऱ्याने दुसऱ्याच पावसाळ्यात संचाची परीक्षा घेतली. चार्जिंगच्या छिद्रावरचे रबरी झाकण सैल झाले आणि आतल्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला. त्याच सुमारास आतली बॅटरी निकामी झाली. तक्रार केल्यावर विक्रेत्याने तीन आठवडे उत्तर दिले नाही आणि नंतर हमीची मुदत संपल्याचे कळवले. सेलची सोय होती म्हणून संच वाचला. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की बाहेरचे सेल न घेणारा संच किनाऱ्यावर राहणाऱ्याने घेऊच नये. संच वापरात नसताना सेल आत ठेवू नयेत, ते पाझरतात. मी ते वेगळ्या डब्यात ठेवते आणि संच तांदळाच्या कोठीशेजारी कोरड्या पिशवीत असतो.

कोकणात आगोटीचे, म्हणजे पावसाळ्याआधीचे, सामान भरणे कोणाला शिकवावे लागत नाही. मीठ, मिरची, आमसुले, सुकी मासळी, लाकूडफाटा हे सर्व मृगाच्या आधी घरात येते. वादळाची तयारी त्याच यादीत बसते, फक्त ती वेळेवर व्हायला हवी. निसर्गच्या वेळी 1 जूनला समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले, 2 जूनच्या दुपारी त्याचे चक्रीवादळ झाले आणि 3 जूनच्या दुपारी ते किनाऱ्यावर होते. हवामान खात्याचा पिवळा इशारा साधारण 48 तास आधी आणि नारिंगी 24 तास आधी येतो. तेवढ्या वेळात छपराचे पत्रे धरून ठेवणारे जे-हुक आवळणे, विजेचा पंप बंद पडणार म्हणून पिंप आणि हंडे भरणे, पीठ दळून आणणे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पक्क्या घरात नेणे एवढेच होऊ शकते. खरेदी होऊ शकत नाही. वादळाचा डोळा डोक्यावर आला की वारा एकदम थांबतो आणि काही वेळाने उलट्या बाजूने सुटतो, ही माहितीही आधीच घरातल्या प्रत्येकाला असावी लागते, कारण त्या शांततेत माणसे पत्रे उचलायला बाहेर पडतात.

ज्यांच्याकडे मीडियम वेव्ह लागणारा, सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर आहे, त्यांनी हा संच घेण्याची गरज नाही. नवे सेल, डोक्याला बांधायची विजेरी आणि एक पॉवर बँक यांवर पैसे खर्च करावेत. समुद्रावर जाणाऱ्यांसाठी हे साधन नाही. ज्यांच्या घरी काहीच नाही, त्यांनी मात्र 30 मे ची वाट न पाहता तो मागवावा. पाचपैकी साडेतीन गुण: मीडियम वेव्ह आणि सेलसाठी पूर्ण, दांड्यासाठी अर्धे, विक्रीनंतरच्या सेवेसाठी शून्य. या वर्षी मी दोन पाकिटे सेल घेतले असून एक काकींच्या घरी दिले आहे, आणि त्यांच्या ओटीवरही खडूची रेघ मारून आले आहे.