टेबल सॉ घेताना माझे 31,800 रुपये गेले. मशीनसोबत 'स्टॅबिलायझर' देणाऱ्यांपासून सांभाळा

आकडे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे हात आखडायला नको. 2,000 टोकन. 1,800 पॅकिंग आणि टेम्पोचे. 24,500 मशीन दारात आल्यावर. त्यानंतर आणखी 3,500, ते कशाचे ते खाली येईलच. एकूण 31,800 रुपये, आणि त्यातला एकही परत आलेला नाही. घरात सासूबाईंना अजून खरा आकडा सांगितलेला नाही. तरी लिहितेय, कारण सीझनच्या तोंडावर जुना टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड चिरणारं मशीन, शोधणारे माझ्यासारखे पुष्कळ असणार.

मी भांडुपला राहते. घरामागे 8 बाय 11 ची पत्र्याची शेड आहे, तिथे पाट, चौरंग, देव्हारे आणि पावसाळ्यात गणपतीची मखरं करते. बाबा गिरणीत सुतारखात्यात होते. 82 च्या संपानंतर त्यांनी घरीच रंधा धरला, त्यांच्या हाताखाली मी शिकले. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून माझ्याकडे घडीच्या मखरांच्या ऑर्डरी वाढत गेल्या. 2025 ला 27 ऑगस्टचे गणपती होते, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातच 14 मखरांची ऑर्डर हातात होती. एका मखराला दीड इंची पट्ट्या साठेक लागतात. हातातल्या कटरने त्या एकसारख्या निघत नाहीत. एका टोकाला दीड, दुसऱ्या टोकाला सूतभर कमी, आणि घडी बसताना ते सूत डोळ्यात खुपतं. टेबल सॉला फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरळ ढकलायची पट्टी, एकदा लावली की शंभर पट्ट्या एका मापाच्या निघतात. मला चैन नको होती, गरज होती.

बजेट 28,000. नागदेवी स्ट्रीटला दोनदा जाऊन आले. नावाजलेल्या कंपन्यांची 10 इंची मशीनं माझ्या आवाक्याबाहेर होती. आवाक्यातली होती त्यांची फेन्स बोटाने ढकलली तरी हलायची. तिसरा पर्याय आपल्याकडच्या लोखंडी टेबलाचा, खाली 2 एचपीची इंडक्शन मोटर आणि पट्टा. ते जड असतं, एका माणसाला सरकत नाही, म्हणून मी नाही म्हटलं. तिथेच हो म्हटलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. ती मोटर कुठलाही रिवाइंडिंगवाला भरून देतो, आणि तिच्यात कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे झिजणारे तुकडे, संपण्याची भानगड नसते.

मग मोबाइलवर जाहिरात दिसली. 'वर्कशॉप बंद करतोय, 10 इंची टेबल सॉ, 8 महिने वापरलेलं, बिलासह, 26,500.' सोबत व्हिडिओ, त्यात मशीन सागाची फळी सरळ चिरत होतं. आवाज स्वच्छ, भुसा बारीक. फोन केला तर माणूस गोड मराठीत बोलणारा. "ताई, वडील आजारी आहेत, गावाला जातोय, नाहीतर लेकरासारखं जपलेलं मशीन विकलं नसतं." या भाषेचा पुढचा अंक आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मलाही होता. म्हणूनच मी सरळ पैसे टाकले नाहीत, हे कृपा करून लक्षात घ्या. मी व्हिडिओ कॉल मागितला, त्याने केला. बिल मागितलं, त्याने फोटो पाठवला. साकीनाक्याला गाळ्यावर येऊन बघते म्हटलं, तर म्हणाला, "गाळ्याची चावी मालकाला देऊन झाली ताई. मशीन तुमच्या दारात आणतो, चालवून बघा, पटलं तरच बाकीचे द्या." दारात चालवून मग पैसे, यात कुणालाही काय खोट दिसली असती? 2,000 टोकन दिलं. दुसऱ्या दिवशी टेम्पोचे 1,800.

14 जून, शनिवार, संध्याकाळी पावणेसात. पाऊस कोसळत होता. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी, मागे रिक्षांचे हॉर्न, ड्रायव्हर "मॅडम जल्दी करो, चलान लगेगा" म्हणून ओरडतोय. विकणारा स्वतः आलाच नाही, एक पोरगा पाठवला. त्याने आणि माझ्या पुतण्याने मशीन शेडमध्ये ठेवलं. मशीनची वायर थेट एका करड्या पत्र्याच्या पेटीत गेलेली, सांध्यावर काळी टेप, आणि पेटीतून आपला नेहमीचा 16 अँपिअरचा प्लग बाहेर. मी फोन लावला. तो म्हणाला, "ताई, तो स्टॅबिलायझर आहे. लाइट कमी-जास्त झाली तर मोटर जळू नये म्हणून. तो काढू नका, काढला तर मी गॅरंटी देणार नाही."

पेटी टेबलावर आडवी येत होती, म्हणून मी ती उचलून बाजूला ठेवली. एका हाताने.

इथेच मी थांबायला हवं होतं. लग्नाआधी आणि नंतर मिळून 9 वर्षं मी अंधेरीच्या सीप्झमध्ये, कारखान्यांच्या वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळल्यात. दोन किलोवॅटचं मशीन ज्या ट्रान्सफॉर्मरवर चालेल त्यात लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा आणि तांब्याची तार असते, वजन 15 किलोच्या आसपास जातं. तो उचलताना कंबरेला कळतं. ही पेटी वाटाण्याच्या पिशवीएवढी हलकी होती. माझ्या हाताला ते त्याच क्षणी कळलं. उचलली, मनगट अपेक्षेपेक्षा वर गेलं, आणि मनात आलं, 'अरे, हलकी आहे.' एवढंच आलं आणि गेलं. बाहेर हॉर्न वाजत होते, पोरगा फोनवर मालकाशी बोलत उभा होता, पुतण्या भिजला होता. दुसरा प्रश्नही विचारला नाही, की मुंबईत स्टॅबिलायझर लागतोच कशाला? माझ्या शेजारी लेथ मशीन चालतं, त्याला कधी लागला नाही. रोज रात्री तो क्षण आठवतो. नंतर ती पेटी मी बेसन मोजायच्या काट्यावर ठेवली. 640 ग्रॅम.

मशीन चालू केलं. चाललं. सहा एमएमच्या प्लायचा तुकडा चिरला, लोण्यासारखा चिरला गेला. 24,500 पाठवले, स्वतःच्या बोटाने पिन टाकला. ब्लेडमागची ती उभी पट्टी, रिव्हिंग नाइफ, लाकूड ब्लेडला चिमटू नये म्हणून असते, ती नव्हती. वरचं झाकणही नव्हतं. पोरगा म्हणाला, "पार्सलने येईल." ज्या मशीनला ती पट्टी नाही ते दारातूनच परत पाठवा. लाकूड उलटून छातीवर येतं, ते किस्से सुतारकामातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

सोमवारी सकाळी एक इंची साग लावला. दीड फूट गेला असेल, पेटीतून वार्निश जळाल्याचा वास आला आणि मोटरचा आवाज चढत गेला. चढत गेला म्हणजे किंचाळायला लागली. ब्लेड डोळ्याला दिसेनासं झालं. कार्बनच्या जागी निळ्या ठिणग्या. पुतण्या समोरच्या बाजूला फळी धरायला उभा होता, मी त्याला ढकललं आणि प्लग उपटला. ब्लेड थांबायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. 10 इंची ब्लेडवर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. त्याच्या किती पुढे ते गेलं होतं देव जाणे. एक दात तुटून उडाला असता तर आज मी पैशांबद्दल लिहीत बसले नसते.

विकणाऱ्याला फोन केला. शांतपणे म्हणाला, "ताई, आर्मेचर, मोटरचा आतला फिरणारा भाग, गेलं असेल, तुम्ही ओव्हरलोड केलंत. माझ्या ओळखीचा माणूस नवीन बसवून देतो, 3,500 पाठवा, उद्या येईल." मी पाठवले. हे वाचून कुणी डोक्याला हात लावेल, लावा. 28,300 अडकलेले असताना 3,500 मध्ये मशीन उभं राहतंय असं वाटलं, समोर 14 मखरं होती, आगाऊ रक्कम लोकांकडून घेतलेली होती. संध्याकाळपर्यंत माझा नंबर ब्लॉक.

मशीन घेऊन लोहार चाळीच्या बाजूला एका जुन्या आर्मेचरवाल्याकडे गेले. त्यांनी मशीन उलटं केलं, मोटरवरच्या पाटीकडे बघितलं आणि नखाने कोपरा उचलला. '230 व्होल्ट, 50 हर्ट्झ' हा स्टिकर होता. खाली खरी पाटी: 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, 15 अँपिअर. अमेरिकेचं मशीन. मग पेटी उघडली. आत ट्रान्सफॉर्मर नव्हताच, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं एक सर्किट होतं, थोडं मोठं, ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर चिकटवलेलं. पंखा सावकाश फिरवायला असतं तसंच, व्होल्टेज चिरून कमी करणारं. हलक्या कामात ते टिकतं. जोर पडला की तापतं, आणि त्यातला ट्रायॅक, म्हणजे व्होल्टेज चिरणारा तो इलेक्ट्रॉनिक भाग, जळतो तेव्हा बहुतेक वेळा आतल्या आत शॉर्ट होतो. मग 120 च्या मोटरवर सरळ 230. ते म्हणाले, "बेटी, इस महीने में ये तीसरा है." मशीन भंगारात निघालं तर किती, विचारलं. 900.

आता बिल. त्यावर जीएसटी नंबर होता म्हणून मी निर्धास्त होते. 15 अक्षरी नंबराचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. माझ्या बिलावर दुकानाचा पत्ता मुंबईचा आणि नंबर 24 ने सुरू, म्हणजे गुजरातचा. सरकारी साइटवर तो नंबर टाकला तर धंद्याचं नाव कुणालाही फुकट दिसतं. मी टाकला जुलैमध्ये. कपड्यांचा व्यापारी निघाला, बिचाऱ्याला पत्ताही नसेल. टोकन देण्याआधी हे करा. दोन मिनिटं लागतात.

यानंतरचे दीड महिने सांगते. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी तीन तास बाकड्यावर. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वस्तू मिळाली ना? चालू करून बघितली ना? मग हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, साहेब, पाटीवर खोटा स्टिकर लावलाय, बिल खोटं, ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. माझा भाचा वकिलीला आहे, त्याने कलम लिहून दिलं होतं. साहेबांनी कागद वाचला आणि परत दिला. "मॅडम, तुम्हाला एवढं कळतं तर फसलात कशा?" हे वाक्य अख्ख्या खोलीसमोर. शेवटी साधा अर्ज घेतला, वर शिक्का मारून दिला. एफआयआर आजपर्यंत नाही. त्या अर्जाचं काय झालं विचारायला चार वेळा गेले, तर प्रत्येक वेळी अर्ज ज्यांच्याकडे आहे ते बंदोबस्ताला.

बँकेत तर पाच मिनिटांत निकाल लागला. तुम्ही स्वतः पिन टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. समोरचं खातं तरी गोठवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात सिव्हिल मॅटर. बँक म्हणते पोलिसांचं पत्र. यांच्यामध्ये भांडुप स्टेशनच्या पुलावरून ये-जा करून माझे गुडघे गेले. माझे पैसे ज्या खात्यात गेले त्याचा नंबर, नाव, वेळ, सगळं बँकेच्या कॉम्प्युटरवर दिसत होतं. ते बघून खुर्चीतला माणूस मान हलवत होता. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, कायदा चांगला आहे, पण नोटीस बजावायला समोरच्याचा पत्ता लागतो. साकीनाक्याच्या त्या पत्त्यावर मी जाऊन आले. तिथे झेरॉक्सचं दुकान आहे, 11 वर्षांपासून. ज्याचा पत्ता सापडत नाही त्याचा पत्ता मीच शोधायचा, मग माझी तक्रार चालणार. हा न्याय कुठला?

तुमच्यावर ही वेळ आली तर 1930 ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, त्याच तासात फोन करा. मी तीन दिवस त्याच्या गोड बोलण्यात घालवले, तोवर पैसे खात्यातून पुढे गेलेले. ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर तक्रार लेखी करून पोलीस उपायुक्तांना पोस्टाने पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ती सोय आहे, मी आता तेच केलंय. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

आणि मशीन बघायला गेलात तर पाटीला नख लावा. छापलेली किंवा रिव्हेट मारलेली असेल तर नख लागत नाही. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, पाटीवर 120 व्होल्ट किंवा नुसतं 60 हर्ट्झ दिसलं की उठा. घरून एक इंची सागाचा तुकडा घेऊन जा आणि चार फूट तरी चिरा, प्लायवर परीक्षा घेऊ देऊ नका. प्लग काढून ब्लेडचा नट धरून वर-खाली हलवा, खटखट लागली तर बेअरिंग गेलं. फेन्स दोन्ही टोकांना मोजा. पावसात, रात्री, टेम्पो उभा असताना पैसे देऊ नका. वाजू देत हॉर्न.

मखरं मी पूर्ण केली. हातातल्या कटरला ॲल्युमिनियमच्या पट्टीची गाइड बांधून, रात्री अकरापर्यंत, पुतण्याला धरून. दोन मखरांच्या घड्या मनासारख्या बसल्या नाहीत, त्यांचे मी 400-400 कमी घेतले.

परवा रात्री तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत 27,000. व्हिडिओ तोच, सागाची फळी तीच, मागे निळा पिंप आणि त्यावर वाळत घातलेला चट्ट्यापट्ट्याचा टॉवेल. मी दुसऱ्या फोनवरून मेसेज केला, मशीन आहे का म्हणून. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'हो ताई, आहे. सोबत स्टॅबिलायझर फ्री देतोय.' त्या संभाषणाचे फोटो काढून ठेवलेत. उद्या सकाळी ते घेऊन पुन्हा ठाण्यात जाणार आहे.